परतीचं प्रकरण सोडून

नोकरीत असताना मी लडाखला जाऊन आलोय, वाळवंटातून उंटावरून गेलोय, आल्प्स तर इतक्यांदा ओलांडलाय की तिथल्या गाई मला ओळखत असतील. आणि हे सगळं राजारामपुरी ते उचगाव या पट्ट्यात, एका दुचाकीवर, हँडलच्या दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या लटकवून. मी वाचनालयाच्या घरपोच विभागात होतो. लोकांच्या दारात पुस्तकं पोचवायची, वाचून झालेली परत आणायची. दूधवाला रोज यायचा, मी आठवड्यानं. फरक एवढाच की दूधवाल्याला कुणी विचारत नाही, म्हैस स्वतः बघितलीस का? मला मात्र हमखास विचारायचे, "हे तुम्ही वाचलंय का हो?" आणि तिथूनच माझ्या भानगडी सुरू व्हायच्या.

मी खरोखर कुठं कुठं गेलोय, ते आमच्या सौ. जास्त चांगलं सांगतील. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे आणि पाव्हणे आले की ते चहाबरोबर येतंच. "यांनी अख्ख्या कोल्हापूरला जग फिरवून आणलं, मला जोतिबाच्या पलीकडं नेलं नाही." एकदा जोशात पासपोर्टही काढला होता. त्याची मुदत संपली तेव्हा तो इतका कोरा होता की फेकून द्यायला जीव होईना. कपाटात आहे अजून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय कौशल्य? पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. पण घरपोचचा वाचक कपाटापुढं उभा राहून निवडत नाही. तो दारात येतो, पदराला नाहीतर टॉवेलला हात पुसतो आणि म्हणतो, "द्या काहीतरी बरं." म्हणजे निवड आमची आणि शिव्याही आमच्या. सासू-सुना एकाच वर्गणीत वाचत असतील तर पुस्तक असं न्यावं लागतं की दोघींनाही ते दुसरीसाठी आणलंय असं वाटू नये. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, तिथं पळून जाण्याच्या कादंबऱ्या न्यायच्या नाहीत. हे मला एका प्रसंगानंतर कळलं. तो प्रसंग मुलीच्या वडिलांच्या विनंतीवरून इथं सांगत नाही.

परत आलेल्या पुस्तकावरून घर ओळखू यायचं. बर्फाच्या शिखरावर तांबड्या रश्श्याचा तवंग दिसला की समजायचं, जेवताना वाचणारे मंगळवार पेठेतले मास्तर. पानाच्या कोपऱ्याला खोबरेलाचा अंगठा असला की अमक्या आजी. पुस्तक मुळीच न उघडता परत आलं तर ते हटकून एखाद्या साहित्य मंडळाच्या पदाधिकाऱ्याचं असायचं.

प्रवासवर्णनं हा माझा खास प्रांत. वाचनालयात त्यांचं कपाट खिडकीशी होतं, उन्हानं सगळे डोंगर, समुद्र आणि वाळवंट एकाच फिक्या निळ्या रंगाचे झालेले. ती वाचणाऱ्यांबद्दल एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. ज्यांना खरंच जायचं असतं ते ही पुस्तकं मागत नाहीत, ते टूरवाल्याला फोन करतात. ही पुस्तकं वाचतात ती न जाणारी माणसं. माझ्यासारखी.

याला अपवाद नागाळा पार्कातले सरनाईकसाहेब. बँकेतून निवृत्त झाले आणि उत्तरेकडच्या सरहद्दीवरची एक उंच खिंड बघायला निघाले. जायच्या आधी त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं. मी पुस्तक दिलं आणि वर, अगदी स्वतः जाऊन आल्यासारखं, सांगितलं, "खिंडीच्या अलीकडं एक म्हातारा लोण्याचा खारट चहा देतो. त्याला माझं नाव सांगा." हे शेवटचं वाक्य का बोललो, मला आजही माहीत नाही. तोंडातून आपोआप निघालं.

साहेबांनी खरोखर नाव सांगितलं. सगळी टूर थंडीत काकडत उभी आणि साहेब प्रत्येक टपरीवर म्हाताऱ्याची चौकशी करताहेत. टपऱ्यांवर सगळी विशीतली पोरं. तो म्हातारा पुस्तकात होता, आणि पुस्तक माझ्या जन्माच्या आसपासचं होतं.

परत आल्यावर साहेब रागावले नाहीत. मला व्हरांड्यात बसवलं, आत काहीतरी सांगितलं आणि एक मोठा कप पुढं आला. "तुमच्या दोस्तानं पाठवलाय. त्याची आठवण म्हणून सगळा प्यायचा." खारट, वर लोण्याचा थर. मी प्यालो. साहेब समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत बघत होते. त्यानंतर वर्षभर ते मला बघितल्यावर एवढंच म्हणायचे, "काय पावणं, खिंडीकडं काही निरोप?"

असा मी माणूस. आता शालनकाकूंचं सांगतो.

काकू उचगावात राहायच्या, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. मुलगा विलास फाउंड्रीत, पाळीचं काम. काकूंची मराठी शाळेची सातवी झालेली, पण वाचायच्या अशा की पदवीधरांनी तोंड लपवावं. त्यांना प्रवासवर्णनाशिवाय काही चालायचं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लांबचं द्या."

मी विचारलं, "किती लांबचं?"

"जिथनं सांजच्याला घरी येता येणार न्हाई, इतकं."

मी खुशीत. उत्तर ध्रुवापासून सुरुवात केली. काकू वाचायच्या आणि आठवड्यानं पुस्तक परत करताना अभिप्राय द्यायच्या, "झ्याक हाय." दर वेळी तेवढाच. पुस्तकात उदबत्तीची जळून गेलेली काडी खूण म्हणून असायची, ती मी काढून त्यांच्या हातात द्यायचो. ती काडी कुठल्या पानात असते हे मी कधी बघितलं नाही. बघायला हवं होतं. माझा धंदाच तो.

मग रशीदभाईंच्या हातून एक घोटाळा झाला. रशीदभाई आमचे बाइंडर, हात सोन्यासारखा. खिळखिळी झालेली पुस्तकं आम्ही त्यांच्याकडं पाठवायचो. ते जुनी शिवण उसवून नवी घालायचे आणि पाठीला कापड चिकटवायचे. एकदा त्यांच्या टेबलावर हिमालयातलं एक प्रवासवर्णन आणि एक पाककृतींचं पुस्तक शेजारी शेजारी पडलं होतं. शेवटच्या पानांच्या जुड्या बदलल्या. बाइंडिंगहून आलेलं पुस्तक पान न् पान तपासायचं, हे काम माझं. मी पुठ्ठा तपासला. पुठ्ठा उत्तम होता.

परिणाम असा झाला की लेखकमहाशय हिमनदीच्या उगमाशी पोचतात, डोळे भरून बघतात, परतायला वळतात आणि पुढच्याच पानावर म्हणतात, अळूची पानं स्वच्छ धुऊन देठ काढून घ्यावेत. दोन घरांतून तक्रार आली. मंगळवार पेठेतल्या मास्तरांनी तर गंभीरपणे विचारलं, एवढ्या उंचीवर अळू येतो का?

तेव्हा मला आठवलं, की हे पुस्तक सगळ्यांच्या आधी शालनकाकूंकडं राहून आलंय आणि त्यांना ते झ्याक वाटलंय.

खोडी काढायची माझी जित्याची खोड. पुढच्या फेरीला मी निष्पाप चेहरा करून विचारलं, "काकू, त्या हिमालयाचा शेवट कसा वाटला?"

"चांगला हाय की."

"वड्या करून बघितल्या का मग?"

"कसल्या वड्या?"

मी मोठ्यानं हसलो आणि सगळी गंमत सांगितली. मला वाटलं काकू लाजतील, पदर तोंडाला लावतील, चहा टाकतील. काकू हसल्या नाहीत. हातातली उदबत्तीची काडी फिरवत म्हणाल्या, "शेवट वाचत न्हाई मी. माणसं परतायला लागली की ठेवून देती."

"का हो?"

"परतताना मागं कोणतरी रडत असतंय. त्ये लिहीत न्हाईत ही लोकं. गाडीत बसलो नि घरी आलो, एवढंच लिहित्यात."

मग हळूहळू, आठवड्याला दोन वाक्यं या हिशेबानं, बाकीचं कळत गेलं. काकूंचं माहेर सीमेपलीकडं, निपाणीच्या पुढं घाट उतरला की डोंगराच्या कुशीतलं गाव. घरात मराठी, गल्लीत कानडी, भांडण दोन्हींत. लग्न होऊन इकडं आल्या. आईवडील गेले, भाऊ नोकऱ्यांच्या मागं पांगले. त्या घरात आता फक्त थोरली बहीण, अक्का, तीही एकटी. लग्नानंतर दर वेळी काकू माहेराहून निघाल्या की अक्का फाट्यावर यायची आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. काकूंच्या मनात परतीचं प्रकरण म्हणजे ते.

तुम्हाला वाटेल, काहीतरी वाद असणार, शेतीचा तुकडा असणार. काही नव्हतं. भांडण असतं तर कुणीतरी मध्यस्थी करून मिटवलं असतं. इथं मिटवायलाच काही नव्हतं. विलास भला पोरगा. आईनं विषय काढला की म्हणायचा, "जाऊया की आई. हितंच तर हाय." आणि खरंच इथंच होतं. घराच्या फाटकात उभं राहिलं की हायवेवरून कानडी पाट्यांच्या गाड्या जाताना दिसायच्या. कधीही जाता आलं असतं, म्हणून याच रविवारी कशाला? असे रविवार साठत गेले. काशीला जायचं असतं तर घरच्यांनी दोन महिने आधी तयारी केली असती.

दोघी बहिणी फोनवर मात्र बोलायच्या. मग अक्कांचे कान गेले.

हे काकूंनी मला सांगितलं त्या दिवशी मी त्यांना ग्रीनलंड द्यायला गेलो होतो. त्यांनी पुस्तक घेतलंच नाही. पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "फोन लावती. दिवा लागलेला बघून ती उचलती. नुसतं 'हेळ, हेळ' म्हणती."

हेळ म्हणजे सांग.

"मी सांगती सगळं. तिला पोचत न्हाई. ती आपलं हेळ, हेळ, आन् मग ठेवून देती."

माझ्या हातात ग्रीनलंड. अवघड वेळ आली की मी बढाई मारतो. म्हणालो, "काकू, आवरा. मी नेतो तुम्हाला."

विलासला हायसं वाटलं. "न्या की काका. मला सुट्टी घावंना झालीया. फकस्त सांजच्याला आणून सोडा तेवढं." मी त्याला शब्द दिला. आमच्या सौ.नी ऐकल्यावर माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "त्या नेतायत तुम्हाला, का तुम्ही नेताय त्यांना?"

आयुष्यातली माझी पहिली मोहीम. सगळी पुस्तकं डोळ्यांपुढं ठेवून तयारी केली. मनुका, आल्याच्या वड्या, कानटोपी, शिट्टी. शिट्टी हरवल्यावर वाजवायला. एका दर्यावर्दीनं तशी शिफारस केली होती. निपाणीच्या पुढं उतरायचं होतं, आणि ऑक्टोबरचं ऊन होतं. शेजारणीकडून कानडीचं एक वाक्यही पाठ करून घेतलं.

एसटीत काकू खिडकीशी बसल्या, इरकली नेसून, मांडीवर पिशवी, पिशवीत माझं ग्रीनलंड. येताना वाचायला, मी म्हटलं होतं. कंडक्टर आला. बायकांचं अर्धं तिकीट आपल्या राज्यापुरतं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी वाद घातला. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "मामा, आजी हद्दीपतूर अर्ध्या, म्होरं पुऱ्या."

काकू खूश झाल्या. "बघा," मला म्हणाल्या, "म्हायेरला पुरी हाय मी."

आणि मग मी सीमेची वाट बघायला लागलो. इतक्या सीमा वाचल्या होत्या. काटेरी तारा, बुरुज, बर्फात उभे पहारेकरी, पासपोर्टावर ठप्पा मारणारा मिशाळ अधिकारी. काकूंना म्हटलं, "आता येईल हां, लक्ष ठेवा." मागच्या बाकावरच्या माणसालाही सांगितलं. कागल गेलं. मी पुढं वाकून काचेतून बघतोय. टोलनाका गेला. उसाची शेतं इकडं होती तशीच तिकडं. मी म्हणतोय, "एवढ्यात येईल." काकू एकदम ताठ बसल्या, नाक खिडकीला लावलं. तंबाखूचा वास येत होता, वाळत घातलेल्या पानांचा.

"आली की," त्या म्हणाल्या. "कवाच."

सीमा हुकली म्हणून मी इतका हिरमुसलो, की ती नेमकी कुठली पाटी असेल यावर मागच्या बाकाशी चर्चा करत बसलो, आणि त्या नादात आमचा फाटा गेला. काकू सांगत होत्या, मी त्यांना "थांबा हो" म्हणत होतो. पुढच्या थांब्यावर उतरलो. रस्त्याकडेला एक म्हातारा म्हैस घेऊन उभा होता. मी पुढं झालो आणि पाठ केलेल्या कानडीत गावाचा रस्ता विचारला. त्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "पावणं, मराठीतच बोला की. म्हैस बुजतीया."

शेवटी एका टमटमनं मागं आणलं. शिट्टी वाजवायची वेळ आली नाही, तेवढंच.

अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, सुपात काहीतरी निवडत. आमच्या येण्याचा आवाज त्यांना पोचण्याचा प्रश्नच नव्हता. काकू अंगणात थांबल्या. एवढ्या वर्षांनी आल्या, पण पुढं पाऊल टाकेनात; माझ्याकडं वळून बघितलं, जणू पुढं कसं जायचं ते पुस्तकवाल्याला माहीत असेल. मग त्यांची सावली सुपावर पडली. अक्कांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. सूप बाजूला ठेवलं.

"तंगी," म्हणाल्या. धाकट्या बहिणीला तिकडं तंगी म्हणतात. "कुठं हुतीस गं?"

"हितंच," काकू म्हणाल्या.

अक्कांना ते ऐकू गेलं नाही. "हेळ," त्या म्हणाल्या. काकू त्यांच्याजवळ उंबऱ्यातच बसल्या, कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हणाल्या, "हितंच हुती गं अक्का." मग दोघींनी काही बोलायचा प्रयत्न सोडून दिला. अक्कांनी काकूंचा हात घेऊन बांगड्या चाचपल्या, दंड चाचपला, बाजारात भाजी बघावी तसा, आणि मान हलवली. वाळलीस, असं त्याचं भाषांतर मी करतो. मी तुळशीपाशी उभा राहून मनुका खाल्ल्या. दुसरं काय करणार?

जेवणं झाली. ऊन उतरायला लागलं. मी घड्याळ दाखवलं. "काकू, निघायला हवं. विलासला शब्द दिलाय, सांजच्याला पोचवतो म्हणून."

काकू अक्कांच्या डोक्याला तेल लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लांब हाय वो हितनं उचगाव. सांजच्याला पोचायचं न्हाई."

मी समजावून बघितलं. विलासची काळजी सांगितली, औषधाच्या गोळ्या सांगितल्या. गोळ्या त्यांनी पिशवीतून काढून दाखवल्या, महिनाभर पुरतील इतक्या. म्हणजे हे घरूनच ठरवून निघालं होतं! मोहिमेचा म्होरक्या मी आणि बेत त्यांचा. ग्रीनलंड मात्र त्यांनी परत दिलं. "आता ह्ये नको. ज्यांना लागंल त्यास्नी द्या."

फाट्यावर मला सोडायला कुणी आलं नाही. मीच मागं वळून बघत होतो. गाडीत बसलो आणि खिडकीतून बघत राहिलो, घाट चढेपर्यंत. कुणासाठी बघत होतो, सांगता येत नाही.

विलास फाटकातच उभा होता. माझ्या मागं कुणी नाही हे बघून त्याचा चेहरा उतरला. मी चाचरत सांगितलं. त्यानं हायवेकडं बघितलं, मग विचारलं, "बरी हाय न्हवं पर?" मी म्हणालो, पुरी आहे. त्याला ते कळलं नाही. घरी सौ.नी विचारलं, परराज्यातून काय आणलंत? म्हटलं, आणायचं कसलं, माणूस तिथंच ठेवून आलोय.

काकू दिवाळी करूनच आल्या. आणायला विलास स्वतः गेला आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः सोडायला जायला लागला. रस्ता एकदा पायाखालचा झाला की इथंच असतो. मी मात्र त्या फाट्यावर पुन्हा गेलो नाही. नंतर घरपोच विभाग बंद झाला. लोकांना बसल्या जागी फोनवर सगळं जग दिसायला लागलं. निवृत्त झालो तरी दुचाकीवर बसलं की मी अजून हँडल दोन्हीकडून चाचपतो. पिशव्यांचं वजन नसलं की गाडी उगाच हलकी पळते.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. काकूंची नजर आता मंदावलीय, म्हणून मीच आठवड्यातून एकदा उचगावला जातो आणि वाचून दाखवतो. लांबचंच. परवा असाच एक वाळवंटाचा प्रवास वाचत होतो. लेखक पलीकडच्या टोकाला पोचला, तिथल्या माणसांनी त्याला खजूर दिले, तो उंटाकडं वळला. मी सवयीनं काडी घालून पुस्तक मिटलं.

"मिटलं व्हय?" काकूंनी विचारलं.

"परत निघाला, काकू."

हायवेवरून एक गाडी हॉर्न देत दक्षिणेकडं गेली. काकूंनी ती जाऊ दिली.

"वाचा म्होरं," म्हणाल्या. "आता तिकडं रडाय कोण न्हाई."

मी पुस्तक उघडलं. परतीचा सगळा प्रवास दीड पानात होता. उंट विकला, बोट धरली, बंदरात भाऊ घ्यायला आला होता, घरी आईनं दृष्ट काढली. खजूर देणाऱ्या माणसांचं काय झालं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पान उलटून बघितलं. कोरं होतं.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच लिहिलंय, काकू."

त्यांनी हात पुढं केला, मी काडी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी बोटांत फिरवली.

"त्यापरास तुमच्या अळूवड्या बऱ्या हुत्या," काकू म्हणाल्या.